व्होकॅब्युलरी म्हणजे नक्की कोणती? डिजिटल संग्रहाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कॉलेजचं ग्रंथालय असो, संग्रहालय असो की एखाद्या जुन्या संस्थेचा दप्तरखाना, डिजिटल नोंदींचं काम अंगावर आलं की पहिल्याच बैठकीत शब्दांचा मारा सुरू होतो. कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी, टॅक्सॉनॉमी, थिसॉरस, ऑन्टॉलॉजी, स्कीमा, ऑथॉरिटी. सॉफ्टवेअर बसवून देणारा म्हणतो, "तुमची व्होकॅब्युलरी पाठवा, मी चढवतो." ग्रंथपाल विषयांची यादी पाठवतात. त्याला हवी असते रकान्यांच्या नावांची यादी. तो पुन्हा मागतो, इकडून तीच यादी पुन्हा जाते, आणि कामाचे आठवडे असेच वाया जातात. खरं तर दोघंही तो शब्द आपापल्या क्षेत्रातल्या रूढ अर्थानेच वापरत असतात.

तेव्हा हा घोळ आपल्याला कमी कळतं म्हणून होतोय, असं मनात आणू नका. विषयशीर्षकं आणि ऑथॉरिटी फाइल (नावांची ठरलेली रूपं नोंदवून ठेवलेली फाइल) हे शब्द ग्रंथालयांचे. थिसॉरस, म्हणजे शब्दांची आपसातली नाती दाखवणारी यादी, हा माहितीशोधाचं काम करणाऱ्यांचा. त्यावरचं आयएसओ २७८८ हे मानक १९७४ सालचं. टॅक्सॉनॉमी जीवशास्त्रातून निघून कंपन्यांच्या वेबसाइटींवर येऊन बसली. ऑन्टॉलॉजी तत्त्वज्ञानातून संगणकशास्त्रात आली आणि तिथून वेबवर. सगळ्यांना एकत्र घेणारं 'नॉलेज ऑर्गनायझेशन सिस्टिम' हे नाव १९९८ मध्ये पुढे आलं. २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेने स्कॉस हे अशा याद्या संगणकाला वाचता येतील अशा लिहायचं मानक मंजूर केलं, त्यात अशा यादीला 'कन्सेप्ट स्कीम' म्हटलं. २०११ मध्ये त्याच संस्थेच्या ग्रंथालयविषयक गटाने अशाच याद्यांना 'व्हॅल्यू व्होकॅब्युलरी' हा शब्द वापरला. आधीची नावं मात्र कुणीच सोडली नाहीत. ती सगळी आजही चालू आहेत.

म्हणून या लेखात माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. यादीचं नाव काय, हे बाजूला ठेवा. ती नोंदीत कुठे बसते आणि काय काम करते, ते विचारा.

१. आधी हाताशी हे ठेवा

- तुमच्या संग्रहातल्या वीस-पंचवीस खऱ्या नोंदी. सोप्या निवडू नका, अडलेल्या निवडा.
- एक्सेल किंवा लिब्रेऑफिसची साधी शीट.
- सॉफ्टवेअरचं अ‍ॅडमिन लॉगिन. निदान अ‍ॅडमिनच्या मेनूचे स्क्रीनशॉट तरी मिळवाच.
- ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर, याद्या साफ करायला.
- निसो या अमेरिकन संस्थेचं अशा याद्यांवरचं झेड ३९.१९ हे मानक. ते मोफत उतरवून घेता येतं. थिसॉरसवरचं आयएसओ २५९६४ (भाग १, २०११, भाग २, २०१३) जास्त नेमकं आहे, पण विकत घ्यावं लागतं. सुरुवातीला झेड ३९.१९ आणि डब्ल्यूथ्रीसीचं 'स्कॉस प्रायमर' एवढं पुरतं.

२. तीन कप्पे करा

शीटमध्ये तीन रकाने आखा. कोणतीही 'व्होकॅब्युलरी' समोर आली की ती यांपैकी एकात टाकायची.

पहिला कप्पा रकान्यांच्या नावांचा: शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, स्थळ. डब्लिन कोअर या नोंदींच्या रकान्यांसाठीच्या मानकाचे १५ मूळ घटक या कप्प्यातले. याला कुणी स्कीमा म्हणतं, कुणी एलिमेंट सेट, कुणी आरडीएफ व्होकॅब्युलरी, तर कुणी चक्क ऑन्टॉलॉजी. कंपन्यांचे हिशोब सरकारकडे भरणारे सीए ज्याला एक्सबीआरएल टॅक्सॉनॉमी म्हणतात, तीही मुळात याच कप्प्यातली. टॅक्सॉनॉमी म्हटलं की विषयांचं झाड, असं धरून चालू नका ते यासाठी.

दुसरा कप्पा त्या रकान्यांत भरायच्या मूल्यांचा: विषयांची यादी, व्यक्तिनामं, गावं, भाषांचे कोड. सीअर्स लिस्ट, लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं, वैद्यकाची मेश, कलावस्तूंसाठी गेटीची एएटी, हे सगळे इथले. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या बोलीत हे 'मास्टर': जिल्हा मास्टर, भाषा मास्टर. त्याच्याशी बोलताना हाच शब्द वापरा, काम लवकर होतं.

तिसरा कप्पा मूल्य कसं लिहायचं याच्या नियमांचा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची, हा नियम आहे. ती यादी नव्हे. डब्लिन कोअरमध्ये याला 'सिंटॅक्स एन्कोडिंग स्कीम' म्हणतात आणि दुसऱ्या कप्प्यातल्या यादीला 'व्होकॅब्युलरी एन्कोडिंग स्कीम'. दोन्ही नावांत 'एन्कोडिंग स्कीम' आहे, म्हणून नवखा माणूस हटकून चुकतो. दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहून ठेवा.

३. एक नोंद घेऊन कप्पे तपासा

समजा, समोर मोडी लिपीतलं मराठी पत्र आहे, शके १७०० चं. त्याची नोंद करायची.

'भाषा' हे रकान्याचं नाव पहिल्या कप्प्यातून आलं. त्यात 'मराठी' हे मूल्य भाषाकोडांच्या आयएसओ ६३९ यादीतून, म्हणजे दुसऱ्या कप्प्यातून. लिपीचं काय? 'भाषा: मोडी' असं लिहिलेल्या नोंदी मी कितीतरी पाहिल्या आहेत. मोडी ही लिपी आहे. तिचा कोड आयएसओ १५९२४ या वेगळ्या यादीत आहे, आणि युनिकोडमध्ये ती २०१४ पासून आहे. भाषा आणि लिपी एकत्र सांगायची तर वेबवर 'एमआर' आणि 'मोडी' हे दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन जोडतात (प्रत्यक्ष भरताना रोमन अक्षरांत). ही जोडणी तिसऱ्या कप्प्यातल्या नियमाने होते. एकाच चौकटीत दोन याद्या आणि एक नियम वापरला गेला.

आता दिनांक. शके १७०० म्हणजे इसवी सन १७७८–७९. नियम इसवी सन मागतो, कागदावर शके आहे. दोन्ही ठेवा: कागदावरचा उल्लेख जसाच्या तसा एका रकान्यात, नियमात बसवलेला दुसऱ्यात. मूळ उल्लेख पुसून टाकणं मला अजिबात मान्य नाही. उद्या कुणी रूपांतर तपासायला बसलं, तर त्याच्या हाती काहीतरी असायला हवं.

अशा पाच-सहा नोंदी कप्प्यांत फोडून पाहिल्या की बैठकीत कुणी काहीही शब्द वापरला तरी तो कशाबद्दल बोलतोय हे कळायला लागतं.

४. तुमच्या सॉफ्टवेअरची बोली ओळखा

या पायरीला वेळ द्या. सर्वात जास्त गैरसमज इथे होतात.

ओमेका एस: अ‍ॅडमिनच्या मेनूत 'व्होकॅब्युलरीज' दिसतं. उघडलं की डब्लिन कोअर, डब्लिन कोअर टाइप, बिब्लिओग्राफिक ऑन्टॉलॉजी आणि फ्रेंड ऑफ अ फ्रेंड ही चार आधीपासून बसवलेली असतात. म्हणजे इथे व्होकॅब्युलरी हा पहिला कप्पा. विषयांची किंवा गावांची यादी इथे चढवायला गेलात तर हात हलवत परत याल. त्यासाठी 'कस्टम व्होकॅब' हे वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं, आणि गेटी किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या याद्यांतून थेट मूल्यं उचलायला 'व्हॅल्यू सजेस्ट'. 'व्होकॅब' हा शब्द दोन्हीकडे आहे, कप्पे मात्र दोन. आणखी एक खोच: डब्लिन कोअर टाइप ही खरं तर चित्र, मजकूर, ध्वनी अशा १२ प्रकारांची यादी, पण ओमेका तिला वर्ग म्हणून वापरतं, त्यामुळे ती पहिल्या कप्प्यातल्यांच्या रांगेत दिसते.

ड्रुपल: इथे 'टॅक्सॉनॉमी' हे मॉड्यूलचं नाव, त्याच्या आत 'व्होकॅब्युलरी', तिच्या आत 'टर्म'. सगळं दुसऱ्या कप्प्यातलं. यादी सपाट असली, वर-खाली काही नातं नसलं, तरी ड्रुपल तिला टॅक्सॉनॉमीच म्हणणार.

वर्डप्रेस: कॅटेगरी आणि टॅग दोन्ही 'टॅक्सॉनॉमी'. पहिलीत उतरंड करता येते, दुसरीत नाही.

कोहा: आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत हेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. 'ऑथॉरिटीज' आणि 'ऑथोराइज्ड व्हॅल्यूज' ही दोन नावं ऐकायला जुळी वाटतात. पहिल्यात लेखकनामांच्या आणि विषयशीर्षकांच्या पूर्ण नोंदी, पर्यायी रूपांसकट. दुसऱ्यात ड्रॉपडाऊनच्या साध्या याद्या: पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या संग्रहात, हरवलंय का. विषयांची यादी ऑथोराइज्ड व्हॅल्यूजमध्ये भरून ठेवली तर 'हेही पहा' किंवा 'याऐवजी ते वापरा' असले दुवे कधीच मिळणार नाहीत. कोहाच्या पोटात मार्क २१ हा ग्रंथालय-नोंदींचा साचा आहे, आणि त्यातल्या ६५० या विषयाच्या टॅगच्या दुसऱ्या इंडिकेटरचं नावच 'थिसॉरस' आहे. तिथे ० म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसची शीर्षकं, २ म्हणजे मेश, आणि ७ म्हणजे स्रोत पुढे $२ या उपक्षेत्रात दिला आहे. सीअर्स वापरत असाल तर ७ टाका आणि उपक्षेत्रात सीअर्सचा कोड द्या. इथे थिसॉरस याचा अर्थ फक्त 'हा शब्द कोणत्या यादीतून घेतला' एवढाच. ती यादी शास्त्रशुद्ध थिसॉरस आहे की नाही, याच्याशी मार्कला देणंघेणं नाही.

डीस्पेस: रकान्यांची नावं 'मेटाडेटा रजिस्ट्री'त. छोटी यादी सबमिशन फॉर्मच्या फाइलीत 'व्हॅल्यू-पेअर्स' म्हणून. उतरंड असलेली मोठी यादी वेगळ्या एक्सएमएल फाइलीत, आणि तिलाच डीस्पेस 'कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी' म्हणतं.

तुमचं सॉफ्टवेअर यांत नसेल तर त्याच्या मेनूतला प्रत्येक असा शब्द घ्या, एक पान उघडून बघा, कप्प्याचा क्रमांक लिहा.

५. तुमची यादी किती पायऱ्या चढणार ते ठरवा

दुसऱ्या कप्प्यातल्या याद्या सारख्या नसतात. झेड ३९.१९ चार प्रकार सांगतं. साधी यादी. समानार्थी शब्दांचं कडं, म्हणजे एक शोधला की बाकीचेही सापडावेत अशी सोय. टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर-खाली उतरंड. आणि थिसॉरस, म्हणजे उतरंड, पर्यायी नावं, शिवाय 'संबंधित' असं आडवं नातं. याच्याही पुढे ऑन्टॉलॉजी, जिथे नात्यांना नेमके अर्थ असतात आणि यंत्राने त्यांवरून निष्कर्ष काढावेत अशी अपेक्षा असते.

नावावर विसंबू नका. गेटीची कलावंतांची यूलॅन ही नावाने 'लिस्ट' आहे, बांधणीने थिसॉरस. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांना १९८०च्या दशकात थिसॉरससारख्या खुणा लावल्या गेल्या, तरी त्यांतली सगळी नाती थिसॉरसच्या नियमांत बसत नाहीत.

माझं स्पष्ट मत: बहुतेक छोट्या संग्रहांना साधी यादी आणि पर्यायी नावं एवढंच लागतं. निधीच्या अर्जात छान दिसतं म्हणून 'ऑन्टॉलॉजी' लिहू नका. ती बांधायला आणि सांभाळायला कायमची माणसं लागतात.

६. 'ब्रॉडर'चा सापळा

एक उदाहरण नीट बघा. तीन जोड्या:

गिरिदुर्ग → किल्ला
बुरूज → किल्ला
सिंहगड → गिरिदुर्ग

थिसॉरसमध्ये तिन्ही ठिकाणी उजवीकडचा शब्द 'ब्रॉडर', म्हणजे व्यापक. चालतं. पण नाती तीन वेगळी आहेत. गिरिदुर्ग हा किल्ल्याचा प्रकार. बुरूज हा किल्ल्याचा भाग. सिंहगड हे गिरिदुर्गाचं एक प्रत्यक्ष उदाहरण. आयएसओ २५९६४ ही तिन्ही वेगळी दाखवायची सोय देतं. पुष्कळ याद्या ती वापरत नाहीत.

मग कुणीतरी म्हणतं, "थिसॉरस तयारच आहे, त्याची ऑन्टॉलॉजी करून टाकू." प्रोग्रामर प्रत्येक 'ब्रॉडर'च्या जागी 'सबक्लास' लावतो. सबक्लासचा अर्थ: प्रत्येक अ हा एक ब असतो. प्रत्येक गिरिदुर्ग हा एक किल्ला, बरोबर. प्रत्येक बुरूज हा एक किल्ला? यंत्र ते खरं मानतं, आणि किल्ल्यांच्या यादीत एकेका गडाचे बुरूज मोजले जाऊ लागतात.

म्हणून रूपांतराआधी प्रत्येक जोडीला मोठ्याने विचारा: "प्रत्येक अ हा एक ब आहे का?" 'हो' आलं तरच सबक्लास. विकिडेटात (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) या तीन नात्यांना तीन वेगळे गुणधर्म आहेत: उदाहरणासाठी पी३१, प्रकारासाठी पी२७९, भागासाठी पी३६१. मराठी मजकुरासाठी सराव करायला ती चांगली जागा आहे. स्कॉसमध्ये 'ब्रॉडर' मुद्दाम सैल ठेवलाय: कपेक्षा ब व्यापक, बपेक्षा अ व्यापक, म्हणून कपेक्षा अ व्यापक असं ते आपोआप धरत नाही.

७. एकाच गोष्टीची चार नावं जुळवून घ्या

निवडलेल्या अधिकृत शब्दाला थिसॉरसवाले 'डिस्क्रिप्टर' किंवा 'प्रिफर्ड टर्म' म्हणतात, ग्रंथालयात 'ऑथोराइज्ड हेडिंग', स्कॉसमध्ये 'प्रेफलेबल'. पर्यायी रूपाला 'नॉन-डिस्क्रिप्टर', 'सी रेफरन्स' किंवा 'ऑल्टलेबल'. ही जुळणी शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवा.

स्कॉसमध्ये एका संकल्पनेला एका भाषेत प्रेफलेबल एकच. म्हणजे मराठीत 'सिंहगड' प्रेफलेबल, 'कोंढाणा' ऑल्टलेबल. लोक जी चुकीची रूपं टाइप करतात, उदाहरणार्थ 'सिंव्हगड', ती 'हिडनलेबल'मध्ये: शोधताना सापडतात, पडद्यावर दिसत नाहीत. गावांच्या बाबतीत ही सोय फार मोलाची आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. शोधून-बदलून सगळ्या नोंदी नव्याने लिहू नका. संकल्पनेचा क्रमांक तोच, प्रेफलेबल नवा, जुनं नाव ऑल्टलेबलमध्ये. जुन्या कागदावरचं नाव नोंदीत जसं होतं तसं राहील, आणि कुठल्याही नावाने शोधलं तरी सगळं हाती लागेल.

देवनागरीचा एक खास सापळा इथेच सांगायला हवा. 'वऱ्हाड' दोन प्रकारे टाइप होतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ओपनरिफाइनमध्ये टेक्स्ट फॅसेट (रकान्यातली वेगवेगळी मूल्यं एकत्र दाखवणारी सोय) लावा. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यादीत दोनदा आला, की समजा हेच झालंय. एक रूप ठरवा आणि बाकीची बदला. 'पंडित' आणि 'पण्डित' यांचंही असंच. ते निदान डोळ्यांना दिसतात.

८. नवी यादी करण्याआधी तयार शोधा, पण योग्य ठिकाणी

मूल्यांची यादी हवी असेल तर बार्टोक ही नोंदवही बघा. जगभरातले थिसॉरस, वर्गीकरणं, विषययाद्या तिथे नोंदवलेल्या आहेत. रकान्यांची नावं हवी असतील तर लिंक्ड ओपन व्होकॅब्युलरीज, म्हणजे लव्ह. दोन्ही ठिकाणी 'व्होकॅब्युलरी' शोधता येते, हाती लागणारा माल वेगळा.

आपल्याकडचे पदनाम कोश, परिभाषा कोश हे शब्द निवडायला उत्तम आहेत, त्यांचा आधार जरूर घ्या. पण कोश हे शब्दांना प्रतिशब्द देतात. एका संकल्पनेसाठी कोणतं एक रूप वापरायचं आणि बाकीची कुठे वळवायची, हा निर्णय तुम्हालाच घेऊन नोंदवावा लागतो.

स्वतःची यादी सांभाळायला टेमाट्रेस मोफत आहे, ती वेबवर दाखवायला फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं स्कॉसमॉस. प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजीचं साधन आहे. साध्या विषययादीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

९. एक पान लिहा आणि वर्क ऑर्डरला जोडा

तुमच्या प्रकल्पात कोणता शब्द कोणत्या अर्थी, हे एका पानावर लिहा. मेलमध्ये 'व्होकॅब्युलरी' हा शब्द शक्यतो टाळा. मी सॉफ्टवेअरवाल्यांना साधारण असं लिहिते:

"सोबत तीन फाइली आहेत. पहिलीत नोंदीतल्या रकान्यांची नावं आणि त्यांचे डब्लिन कोअरमधले जोडीदार. दुसरीत 'विषय' आणि 'स्थळ' या दोन रकान्यांची मूल्यं. प्रत्येकाला कायमचा क्रमांक, एक मुख्य मराठी नाव आणि पर्यायी नावं आहेत. शोधताना पर्यायी नावही चाललं पाहिजे. स्थळांमध्ये वर-खाली नातं आहे, ते 'भाग' या अर्थाने आहे, 'प्रकार' या अर्थाने नाही. तिसरीत दिनांक लिहिण्याचा नियम. मूल्यं वेगळ्या फाइलीत स्कॉस स्वरूपात पुन्हा बाहेर काढता आली पाहिजेत."

शेवटचं वाक्य वगळू नका. सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा पर्यायी नावं आणि क्रमांक सोबत येणार की नाही, ते त्यावरच ठरतं. वर्क ऑर्डरवर सही होण्याआधी दहा ओळींची नमुना यादी चढवून, तीच बाहेर काढून दाखवायला सांगा, आणि 'वऱ्हाड' दोन्ही प्रकारे टाइप करून शोधून बघा.